ख्शान

जाताना याद्विगाने एक मूळ दिलं.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, हातभर,
मातकट, केसाळ, म्हाताऱ्या ढोपरासारखं गाठाळ.
"ख्शान," ती म्हणाली.
मी ऐकलं, "क्षण."
दोनदा विचारलं, दोनदा तेच ऐकू आलं,
मग म्हटलं, असू दे.

चार वर्षं रुवीतल्या त्या दवाखान्यात आम्ही
लोकांचे जबडे धरून उभ्या होतो,
ती खुर्चीच्या डावीकडे, मी उजवीकडे.
तिचा करार संपला.
हे मूळ ईस्टरला कुणीतरी तिच्या गावाहून आणलेलं,
तिकडे अंड्यांबरोबर खातात म्हणे,
आता परत कशाला न्यायचं,
म्हणून माझ्याकडे.

सूचना, भुलीच्या इंजेक्शनांच्या यादीमागे:
साल काढ. खिडक्या उघड. मग किस.
किसून झालं की तीन मिनिटं थांब, चढू दे.
मग व्हिनेगर. तिथे ते थांबतं,
जिथवर चढलं तिथवरच राहतं.
बर्फाच्या साच्यात भर आणि गोठव.
शिजवू नकोस. आच लागली की मरतं.

खिडक्या उघडल्या. एप्रिल संपत आलेला,
मागचे काळे डोंगर दिवसभर प्यालेली आग
घोट घोट परत करत होते.
किसणीवर पहिला हात फिरवला. काही नाही.
मुळ्याचा गरीब भाऊ.
दुसरा हात, तिसरा,
आणि नाकाच्या आतल्या दारावर
कुणीतरी लाथ घातली.
कांदा डोळ्यांत येतो, मिरची जिभेवर,
हे थेट कपाळामागे जातं,
तिथे मी स्वतःसुद्धा सणावारीच जाते.
नाकी नऊ म्हणजे किती, त्या दिवशी मोजले.
दहावाही आला.

बेल वाजली. वॉचमन मोतालेब,
हातात पाना: "गॅस?"
ताटलीकडे बोट दाखवलं.
खुबुसच्या तुकड्यावर चिमूटभर दिलं.
तो चावला, थांबला, भिंतीला टेकला.
"कासुंदी," म्हणाला.
मग डोळे पुसत पुन्हा, "कासुंदी,"
जसं गर्दीत कुणी आपल्या गल्लीतलं दिसावं.
सहा वर्षांत तो सिल्हटला गेला नव्हता
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
दारात उभं राहून रडायला
त्याला एक चांगलं कारण मिळालं.
मलाही.

चौदा चौकोन झाले.
डब्यावर मार्करने लिहिलं: क्षण.
एका बाजूला खवलेला नारळ,
दुसऱ्या बाजूला सुरमईच्या तुकड्या.

ऑगस्टात माझी संध्याकाळची पाळी होती.
हेरंबने आमटी केली,
आणि नारळ समजून
त्यातले चार चौकोन वाटणात घातले.
"खोबरं पुचाट निघालं गं,
आंबट पण लागतंय," म्हणाला.
मी काही बोलले नाही.
दोनदा वाढून घेतली,
तळाशी जाऊन शोधलं.
कुठेच नव्हतं.
नुसता शिजलेला मुळा.

ऑक्टोबरात याद्विगाचा फोटो आला:
खणलेला वाफा, चिखलाचे बूट.
हे उपटून कधी संपत नाही, तिने लिहिलंय,
करंगळीएवढा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं.
आणि खाली: ये.

आमच्याकडे लेकीला माहेरी न्यायला माणूस आला
की म्हणायचे, मूळ आलं.
माझी आत्या सांगायची. तिला कधी आलं नाही.

त्या रात्री पहिल्यांदा वारा गार होता.
एक चौकोन काढला,
न वितळवता, गोठलेलाच
सुरीने खरवडून पावावर घेतला.
आधी काही नाही.
नुसता गार.
मग.

उघडी खिडकी बघून खालून मोतालेबने विचारलं,
"गॅस?"
"नाही रे," मी नाक पुसत म्हटलं,
"वर ये."